ऑक्सिटोसिन : गुन्हा गोठ्यात, शिक्षा प्रसूतिगृहाला

ऑक्सिटोसिन या नावाच्या आज भारतात तीन ओळखी आहेत. इंग्रजी मासिके आणि समाजमाध्यमे वाचणाऱ्यांसाठी ते ‘प्रेमाचे संप्रेरक’ आहे. दूध विकत घेणाऱ्या घरांमध्ये ते म्हशीला चोरून टोचले जाणारे, दुधात उतरणारे विष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेसाठी मात्र ते शीतकपाटात जपून ठेवलेली एक छोटी काचेची कुपी आहे. बाळ जन्मले की लगेच त्यातले औषध मातेला टोचायचे असते, कारण तसे न केल्यास ती रक्तस्रावाने दगावू शकते. यांपैकी पहिली ओळख बरीच फुगवलेली आहे, दुसरी अर्धवट खरी आहे आणि तिसरी पूर्ण खरी आहे. देशाचे औषधविषयक धोरण मात्र काही काळ दुसऱ्या ओळखीच्या आधारे आखले गेले.

घटनाक्रम थोडक्यात असा. दुभत्या जनावरांवर ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो, या तक्रारींची दखल घेत हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या औषधाचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित ठेवता येईल का, याचा विचार करण्यास सांगितले. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने आयात थांबवली. त्याच महिन्यात दुसरी अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी खासगी कंपन्यांनी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. उत्पादनाचा अधिकार कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे राहणार होता. या कंपनीला ऑक्सिटोसिनच्या उत्पादनाचा पूर्वानुभव नव्हता. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. निर्णयामागे पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि मातांच्या गरजेचा विचार झालेला नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.

या वादात बाजू घेण्यापूर्वी तो रेणू शरीरात काय करतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. बंदीच्या बाजूने केलेल्या अनेक युक्तिवादांची चूक कायद्यात नव्हती, जीवशास्त्रात होती.

ऑक्सिटोसिन ही अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी आहे. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी नोंदवले, की पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. चार वर्षांनी ऑट आणि स्कॉट यांना त्याच अर्काने शेळीच्या कासेतून दूध वाहू लागल्याचे आढळले. व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये या रेणूची रचना उलगडली, तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. पण हा रेणू पियुषिकेत तयारच होत नाही. पियुषिकेचा मागचा भाग ही त्याची वखार आहे. कारखाना त्याच्या वर, मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तेथील मोठ्या चेतापेशी हा रेणू बनवतात, आपल्या लांब तंतूंमधून खाली पाठवतात आणि विद्युत संदेश आला की रक्तात सोडतात. चेतापेशी ग्रंथीसारखा स्राव करू शकते, ही कल्पना अर्न्स्ट आणि बर्टा शॅरर या दांपत्याने मांडली, तेव्हा कित्येक वर्षे तिच्याकडे संशयानेच पाहिले गेले. चेतासंस्था वेगळी आणि ग्रंथिसंस्था वेगळी, ही त्या काळची पक्की समजूत होती. प्रजननाच्या संप्रेरकांनी ती भिंत पाडली.

मेंदूतून निघणाऱ्या या संप्रेरकांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या रासायनिक सूत्रात सापडत नाही. ते त्यांच्या वेळापत्रकात आहे. १९७३ मध्ये वेकरली आणि लिंकन यांनी पिल्लांना पाजणाऱ्या मादी उंदरांच्या मेंदूतील ऑक्सिटोसिन-पेशींचे विद्युत संदेश नोंदवले. पिल्ले सतत चोखत असतात. दूध मात्र काही मिनिटांच्या अंतराने, एकेका झोताने येते. त्या प्रत्येक झोताच्या काही सेकंद आधी मेंदूतील या पेशी जवळजवळ एकाच वेळी, तीन-चार सेकंदांपुरत्या, अतिशय वेगाने संदेश सोडतात आणि पुन्हा शांत होतात. रक्तात ऑक्सिटोसिन काही मिनिटेच टिकते. म्हणजे निसर्गाने योजलेला संकेत हा ठोक्यांचा आहे, संथ धारेचा नाही.

हेच तत्त्व हायपोथॅलॅमसमधल्या दुसऱ्या प्रजनन-संप्रेरकात आणखी स्पष्ट दिसते. बीजकोश आणि वृषण यांचे संपूर्ण कार्य ज्याच्या आज्ञेने चालते, त्या जीएनआरएच या दहा अमिनो आम्लांच्या रेणूची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्यासाठी अँड्र्यू शॅली यांच्या गटाने लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंचे भाग वापरले होते. शॅली आणि रॉजर गिलमाँ यांना मेंदूतील पेप्टाइड संप्रेरकांच्या शोधासाठी १९७७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्याच पारितोषिकाचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीला, किरणोत्सारी अणूंच्या साह्याने रक्तातील सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या पद्धतीसाठी मिळाला. मोजमाप नसते तर हा सारा विषय अंधारातच राहिला असता. पुढे १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांवर एक विलक्षण प्रयोग केला. मेंदूतील स्रोत नष्ट केलेल्या माकडांना जीएनआरएच तासाला एक ठोका या लयीत दिले, तर पियुषिका पुन्हा कामाला लागली. तेच संप्रेरक अखंड धारेने दिले, तेव्हा ती गप्प झाली. रेणू तोच असूनही लय बदलताच परिणाम उलटा झाला. या ज्ञानावर आज उपचार उभे आहेत. फार लवकर सुरू झालेले वयात येणे थांबवण्यासाठी मुलांना जीएनआरएचशी साधर्म्य असलेले, दीर्घकाळ टिकणारे औषध दिले जाते. सतत मिळणाऱ्या संकेताने पियुषिका बधिर होते, हेच त्या उपचाराचे मर्म.

यावरून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. संप्रेरकाचे नुसते नाव घेऊन ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा निवाडा करता येत नाही. किती, कोठे, केव्हा आणि कोणत्या अवयवावर, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय विधान अपुरे राहते.

आता गोठ्याकडे वळावे. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : पान्हा. वासरू लुचू लागले की गाईला पान्हा फुटतो आणि वासरू नसले किंवा दूध काढणारा परका असला की ती पान्हा चोरते. शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने घडलेल्या या शब्दाचा शास्त्रीय अर्थ ऑक्सिटोसिनची प्रतिक्षिप्त क्रिया हाच आहे. सडांना स्पर्श झाला की चेतातंतूंमधून संदेश मेंदूकडे जातो. तेथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, कासेतील सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि तयार असलेले दूध खाली येते. १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईच्या कासेच्या अर्ध्या भागाच्या चेता कापल्या, तरी दोन्ही भागांतून दूध आले. संदेश रक्तातून येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. त्याच प्रयोगमालेत गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवले असता पान्हा अडला. भीतीने स्रवणारे ॲड्रिनॅलिन ही क्रिया रोखते.

म्हशीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. गाईच्या कासेच्या खालच्या पोकळीत सुमारे २० टक्के दूध आधीच उतरलेले असते, म्हशीत हे प्रमाण अवघे ५ टक्क्यांच्या आसपास असते. उरलेले सारे दूध पान्ह्यावर अवलंबून. रेडकू जिवंत आणि जवळ असेल, तर अडचण येत नाही. पण शहरालगतच्या दाटीवाटीच्या तबेल्यांत रेडकांना पाजणे तोट्याचे मानले जाते. नर रेडके तर अनेकदा उपासमारीने मरतात. मग पान्हा आणायचा कसा? देशाच्या अनेक भागांत मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची प्रथा होती. याहून क्रूर प्रथा म्हणजे ‘फुंका’. जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरवण्याचा हा प्रकार. त्यामागे जीवशास्त्र होते. जन्ममार्गावर ताण पडला की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, याच क्रियेने प्रसूतीच्या कळा वाढत जातात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ ने फुंका आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारे कोणतेही इंजेक्शन, दोन्ही दंडनीय ठरवले. ऑक्सिटोसिनची स्वस्त कुपी ही फुंक्याची आधुनिक वारस आहे.

म्हणून गैरवापराची तक्रार खोटी नाही. रोज टोचल्याने जनावराला वेदना होतात. शिवाय नियमित ऑक्सिटोसिन दिलेल्या गाईंमध्ये, ते बंद केल्यावर स्वाभाविक पान्हा कमी पडतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे हा उपाय स्वतःचीच गरज निर्माण करतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये डेअऱ्यांतील या वापराला क्रूरता मानून नियमित तपासणीचे आदेश दिले, ते रास्तच होते.

परंतु या खऱ्या तक्रारीला काही अफवा चिकटल्या आणि जनमत त्यांनीच पेटवले. ‘असे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात’ ही त्यांतील सर्वांत प्रभावी. पौगंडावस्था सुरू होते ती मेंदूतील जीएनआरएचचे ठोके जागे झाल्याने. ऑक्सिटोसिन हे इस्ट्रोजेनसारखे स्टेरॉइडही नाही. ते पेप्टाइड आहे आणि डाळीतील प्रथिनांप्रमाणेच पोटात त्याचे तुकडे होतात. म्हणूनच तर मातेला ते गोळीच्या रूपात देता येत नाही, टोचावे लागते. जे औषध तोंडावाटे घेऊन उपयोगी पडत नाही, तेच दुधातून अंशमात्र पोटात गेल्याने शरीरात उलथापालथ करते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. दुधी भोपळ्याला ऑक्सिटोसिन टोचून तो रातोरात फुगवतात, ही दुसरी अफवा. दुधी भोपळ्याला ना कास, ना गर्भाशय. हा संदेश स्वीकारणारा ग्राहकरेणू वनस्पतींमध्ये ज्ञात नाही. अर्थात बेकायदा कुप्यांमध्ये आणखी काय मिसळलेले असते, याची चिंता योग्य आहे. पण ती भेसळीची चिंता झाली, संप्रेरकाची नव्हे.

सुशिक्षितांची अफवा वेगळी. २००५ मध्ये ऑक्सिटोसिनच्या नाकातील फवाऱ्याने माणसांचा परस्परांवरील विश्वास वाढतो, असा निष्कर्ष गाजला. २०२० मध्ये मोठ्या प्रमाणावर, आधी जाहीर केलेल्या पद्धतीने तो प्रयोग पुन्हा केला असता तसा सर्वसाधारण परिणाम आढळला नाही. आजन्म जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल या उंदीरसदृश प्राण्यात ऑक्सिटोसिनचा ग्राहकरेणूच जनुकीय तंत्राने काढून टाकला, तरी जोड्या जमल्या, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक काढलेल्या उंदरांच्या माद्या व्यवस्थित व्यायल्या, पण त्यांना पान्हा फुटला नाही आणि पिल्ले भुकेने मेली. प्रेमासारख्या गुंतागुंतीच्या गोष्टीला एका रेणूचे नाव देणे सोयीचे असते. पुरावा मात्र अधिक ठामपणे दुधाकडे बोट दाखवतो.

आणि रक्ताकडेही. गर्भारपणाच्या अखेरीस गर्भाशयाला मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त पुरवले जाते. वार सुटल्यावर त्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना बांधणारा दोरा नसतो. गर्भाशयाचे स्नायू आवळले गेले, तरच त्या बंद होतात. ते आवळले गेले नाहीत तर हातात उरतात ती काही मिनिटे. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रसूतीनंतर १० युनिट ऑक्सिटोसिन देण्याची शिफारस करते. या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रसूतिपश्चात रक्तस्रावाने जगभर दरवर्षी सुमारे ७०,००० स्त्रिया मरतात. भारतातील मातामृत्यूचे प्रमाण २०१४-१६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. या घटीला अनेक कारणे आहेत. रुग्णालयातील प्रसूती वाढणे आणि तेथे ही कुपी उपलब्ध असणे, हे त्यांतले एक आहे.

बंदीचा युक्तिवाद असा होता : उत्पादन एका हाती आले की गळती थांबेल. हा विचार वरकरणी तर्कशुद्ध वाटतो. त्यात एक गृहीतक लपलेले आहे, की गोठ्यात जाणारा माल परवानाधारक कारखान्यांतून जातो. प्रत्यक्षात गोठ्यांवरील छाप्यांमध्ये बहुधा लेबल नसलेल्या बाटल्याच सापडत आल्या आहेत. त्यांच्यावर ना कंपनीचे नाव असते, ना बॅच क्रमांक. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याचा परवाना रद्द करून त्याला काय फरक पडणार? फटका बसतो तो कायदा पाळणाऱ्याला आणि अखेरीस त्याच्या ग्राहकाला. हा ग्राहक म्हणजे दूरच्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बाळंत होणारी स्त्री. जीवनावश्यक औषधाचा सारा पुरवठा एका कारखान्यावर टांगायचा, तर तेथील एखादी सदोष बॅच किंवा महिनाभराची बंद पडलेली यंत्रणा थेट तिच्यापर्यंत पोहोचते. सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने हे औषध बनवण्यात काहीच वावगे नाही. उलट ते स्वागतार्ह आहे. आक्षेप आहे तो ‘एकट्यानेच’ या शब्दाला.

खरे प्रश्न वेगळेच आहेत आणि त्यांना अधिसूचनेइतके प्रसिद्धीचे वलय नाही. ऑक्सिटोसिन उष्णतेने निकामी होते. ते २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. ज्या देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज खंडित होते, तेथे कुपी उपलब्ध असणे आणि तिच्यातले औषध जिवंत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. निकामी औषध डोळ्यांना दिसत नाही. यावर उपाय आहेत. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनइतकेच उपयुक्त असल्याचे २०१८ मध्ये भारतासह दहा देशांतील सुमारे ३०,००० स्त्रियांच्या चाचणीत दिसले. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांबाबत तर कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने जगाला पुरावा दिला : अशा रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. जेथे शीतसाखळी पोहोचत नाही, तेथे काय द्यावे, याचे उत्तर भारतीय खेड्यानेच शोधले आहे. ते अमलात आणणे एवढेच उरते.

माणसांतील गैरवापराकडेही तितकेच लक्ष हवे. प्रसूतीच्या आधी, कळा वाढवण्यासाठी, देखरेखीविना दिलेले ऑक्सिटोसिन गर्भाशय फाडू शकते आणि बाळाचा प्राणवायू तोडू शकते. बाळ जन्मल्यानंतर तेच औषध प्राण वाचवते. दोन्ही प्रसंगांत काही मिनिटांचे अंतर असू शकते. येथेही रेणू निर्दोष आहे. दोष वेळेचा आहे. प्रशिक्षण आणि नोंद हाच त्यावरचा इलाज.

आणि गोठ्यासाठी? तबेल्यांची नियमित तपासणी, कलम १२ ची खरीखुरी अंमलबजावणी, बेनामी बाटल्यांच्या स्रोताचा माग, पशुवैद्यकांमार्फतच पुरवठा. त्याहून मूलभूत म्हणजे रेडकू जगवणे परवडेल अशी दूधव्यवस्था. ठरलेली वेळ, ओळखीचा हात, कोमट पाण्याने धुतलेली कास आणि पुढ्यात चारा, एवढ्यावर पान्हा फुटतो, हे दूध काढणाऱ्या बायकांना १९०६ च्या आधीपासून ठाऊक आहे. डेल, एली आणि पीटरसन यांनी त्याचे कारण सांगितले. औषध-नियमन विभागाने आणि पशुसंवर्धन विभागाने हे दोन ज्ञानस्रोत एकत्र वाचले, तर जनावराच्या वेदनेची किंमत मातेकडून वसूल करण्याची वेळ येणार नाही.

मोठ्या पीठाचा निर्णय काहीही लागो, त्यातून एक कसोटी पुढच्या प्रत्येक औषधबंदीसाठी ठरावी अशी अपेक्षा आहे. बंदीचा प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी लेखी सांगावे, की गैरवापर होणारा माल नेमका कोठून येतो आणि बंदीमुळे तो स्रोत कसा आटेल. या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर प्रस्ताव बाजूला ठेवावा आणि आरोग्य केंद्रातील शीतकपाटाचा तापमापक तपासावा.